हेन्री डंडास आणि आर्निस्टनचं घराणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा हेन्री डंडास कोण?

अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत स्कॉटलंडचा कारभार ज्याच्या मुठीत होता, तो माणूस. जन्म २८ एप्रिल १७४२, एडिंबरा. शिक्षणाने वकील. १७७५ मध्ये तो लॉर्ड ॲडव्होकेट झाला, म्हणजे स्कॉटलंडातला सरकारचा पहिला वकील आणि व्यवहारात तिथला सरकारचा कारभारी. पुढे धाकटा पिट पंतप्रधान असताना तो नौदलाचा खजिनदार, गृहमंत्री आणि युद्धमंत्री झाला. ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्षही तोच होता. यातली काही पदं त्याने एकाच वेळी सांभाळली. इंग्लंडच्या गादीवर हेन्री नावाचे आठ राजे होऊन गेले, म्हणून लोक याला थट्टेने ‘हॅरी द नाइन्थ’, नववा हेन्री म्हणायचे. थट्टा होती खरी, पण तिच्यात भीतीही होती.

आर्निस्टन हे आडनाव आहे की गाव?

ती जहागीर आहे. एडिंबऱ्याच्या दक्षिणेला, गोरब्रिज गावाजवळ. डंडासांच्या एका शाखेने ती १५७१ मध्ये विकत घेतली. स्कॉटलंडात जमीनदाराला आडनावापेक्षा जमिनीच्या नावाने ओळखत, त्यामुळे ‘डंडास ऑफ आर्निस्टन’ असं म्हटलं की कुठले डंडास ते लगेच कळायचं. आजचा वाडा १७२६ मध्ये बांधायला घेतला. त्याचा आराखडा विल्यम ॲडमचा. वाडा आजही त्याच कुटुंबाकडे आहे.

घराणं राजकारण्यांचं होतं का?

आधी न्यायाधीशांचं. पणजोबा न्यायाधीश, आजोबा न्यायाधीश, वडील रॉबर्ट डंडास १७४८ पासून कोर्ट ऑफ सेशनचे, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे, मुख्य न्यायाधीश. वडील १७५३ मध्ये वारले तेव्हा हेन्री अकरा वर्षांचा होता. त्यानंतर घराचा कर्ता झाला त्याचा सावत्र भाऊ, त्याचंही नाव रॉबर्ट. हेन्रीहून हा २९ वर्षांनी मोठा, म्हणजे भाऊ कसला, वडीलच. १७६० मध्ये तोही मुख्य न्यायाधीश झाला आणि १७८७ मध्ये मरेपर्यंत त्या खुर्चीत राहिला.

या घरात नावांचा फार गोंधळ आहे. थोरल्या मुलाचं नाव रॉबर्ट ठेवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पुढे वाचताना कुठला रॉबर्ट हे दर वेळी नात्याने सांगितलं आहे, नाहीतर वाचणारा वेडा होईल.

या सावत्र भावाचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. डग्लस घराण्याच्या अफाट मालमत्तेचा वारस खरा की पॅरिसात विकत घेतलेलं कुणाचं तरी मूल, असा खटला तिथे वर्षानुवर्षं चालला होता. १७६७ मध्ये न्यायाधीशांची मतं सात-सात पडली आणि निकाल मुख्य न्यायाधीशाच्या एका मतावर आला. त्याने वारसाच्या विरोधात मत दिलं. एडिंबऱ्यातले लोक भडकले. १७६९ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवला, तेव्हा जल्लोषाच्या भरात तिथे दंगल झाली. एका मताने माणूस कसा तरतो किंवा बुडतो, हे हेन्रीने घरातच पाहिलं होतं. अडतीस वर्षांनी तेच त्याच्या वाट्याला आलं. ते पुढे येईलच.

तो धाकटा मुलगा होता, तर मग जमीनदार कसा झाला?

लग्नाने. आर्निस्टन थोरल्याकडे गेलं. हेन्रीकडे घराण्याचं नाव होतं, वकिलीची सनद होती आणि तोंड होतं. १७६५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने एलिझाबेथ रॅनीशी लग्न केलं. ती अजून विशीतही पोचली नव्हती. तिचे वडील कॅप्टन डेव्हिड रॅनी यांनी समुद्रावरच्या व्यापारात पैसा केला होता आणि लासवेडजवळ मेलव्हिल कासल विकत घेतलं होतं. ते लग्नाच्या आधीच वारले होते आणि मागे फक्त मुली होत्या. मेलव्हिल असं हेन्रीकडे आलं.

पुढे पर्थशायरमध्ये कॉम्रीजवळची डनायरा ही जहागीर त्याने स्वतः घेतली. मेलव्हिलचा जुना बुरूज पाडून १७८६ ते १७९१ या काळात जेम्स प्लेफेअरकडून नवा वाडा बांधून घेतला. १८०२ मध्ये त्याला सरदारकी मिळाली तेव्हा त्याने घेतलेला किताब होता ‘व्हायकाउंट मेलव्हिल’. इतिहासात तो याच नावाने राहिला. म्हणजे ज्या बायकोला त्याने चोवीस वर्षांपूर्वी सोडलं होतं, तिच्या बापाच्या मिळकतीचं नाव त्याने मरेपर्यंत मिरवलं. मला हा सगळ्या चरित्रातला सर्वांत बोलका तपशील वाटतो.

घटस्फोट का झाला? आणि त्या काळात तो शक्य होता?

हेन्री बहुतेक वेळ कोर्टात नाहीतर लंडनला. १७७८ मध्ये एलिझाबेथ कॅप्टन एव्हरार्ड फॉकनर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर निघून गेली. हेन्रीने त्याच वर्षी घटस्फोट मिळवला.

इंग्लंडात त्या काळी पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटात स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि तो परवडायचा अतिश्रीमंतांनाच. स्कॉटलंडचा कायदा वेगळा होता. धर्मसुधारणेच्या काळापासून तिथे व्यभिचाराच्या कारणावरून साध्या कोर्टात घटस्फोट मिळे, तोही नवरा आणि बायको दोघांनाही. पण त्याला दुसरी बाजू होती. मालमत्तेच्या हिशेबात दोषी ठरलेली व्यक्ती जणू मेली असं धरत. त्यामुळे एलिझाबेथ गेली, मिळकत राहिली. मुलंही बापाकडेच राहिली. तिने पुढे फॉकनरशी लग्न केलं.

चूक कुणाची, हे अडीचशे वर्षांनी ठरवण्यात अर्थ नाही. हिशेब मात्र एकतर्फी झाला.

दुसरं लग्न?

१७९३ मध्ये, लेडी जेन होपशी. ती होपटनच्या अर्लची मुलगी, म्हणजे थेट बड्या सरदारघराण्याशी सोयरीक. मूल झालं नाही. डंडासच्या मृत्यूनंतर तिने टॉमस वॉलेस या राजकारण्याशी लग्न केलं. तोही बोर्ड ऑफ कंट्रोलवरचाच.

मुलं किती, आणि त्यांचं पुढे काय झालं?

पहिल्या लग्नाची चार: तीन मुली आणि एक मुलगा.

मुलगा रॉबर्ट (हा कुटुंबातला आणखी एक) १७७१ चा. त्याने ॲन साँडर्स या श्रीमंत वारसदार मुलीशी लग्न केलं आणि तिचं आडनाव आपल्या नावात घातलं. तो बापाच्याच वाटेने गेला. १८०७ मध्ये बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष झाला आणि १८१२ पासून मधला थोडा काळ सोडता १८३० पर्यंत नौदलाचा मंत्री होता. बापापेक्षा शांत आणि कमी रंगीत, पण कामाचा.

मुलींच्या सोयरिकी जास्त मजेशीर आहेत. एलिझाबेथचं लग्न घरातच झालं, त्याबद्दल पुढे. माँटॅग्यूचं लग्न जनरल राल्फ ॲबरक्रॉम्बीच्या मुलाशी झालं. त्याचा सख्खा काका रॉबर्ट ॲबरक्रॉम्बी हा १७९० ते १७९२ मुंबईचा गव्हर्नर होता. तिसरी मुलगी ॲन. तिचा पहिला नवरा बँकर घराण्यातला हेन्री ड्रमंड. तो लवकर वारला. दुसरा जेम्स स्ट्रेंज, कंपनीचा मद्रासकडचा नोकर. या गृहस्थाने डिसेंबर १७८५ मध्ये मुंबई बंदरातून ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्स्पेरिमेंट’ ही दोन जहाजं घेऊन थेट अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यापर्यंत मजल मारली होती, समुद्री ऊदमांजराची कातडी आणून चीनला विकायच्या बेताने. धंदा बुडाला. या सफरीमागे पैसा होता तो मुंबईतला स्कॉटिश व्यापारी डेव्हिड स्कॉट याचा, आणि हाच स्कॉट पुढे डंडासचा उजवा हात बनला.

ॲन दुसऱ्या नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात गेली तेव्हा तिचा मुलगा, तोही हेन्री ड्रमंड, आजोबांकडे राहिला. त्या घरी पंतप्रधान पिट नेहमी येत असे. नातू मोठेपणी खासदार झाला.

पुतण्याशी मुलीचं लग्न? हे खरं आहे?

खरं आहे. १७८७ मध्ये डंडासची मुलगी एलिझाबेथ हिचं लग्न सावत्र भावाच्या मुलाशी, रॉबर्ट डंडासशी झालं. मराठी वाचकाला इथे ठेच लागते. मामेबहीण चालते, चुलतबहीण म्हणजे बहीणच. पण प्रोटेस्टंट स्कॉटलंडात चुलत भावंडांच्या लग्नाला कायद्याची आडकाठी नव्हती, आणि जमीनदारांना तर ते सोयीचंच होतं. पैसा, जमीन, मतं आणि गुपितं सगळं एकाच घरात राहायचं.

हा पुतण्या-जावई डंडासच्या सत्तेचा एडिंबऱ्यातला खांब होता. १७८४ मध्ये सॉलिसिटर जनरल, १७८९ मध्ये लॉर्ड ॲडव्होकेट, १८०१ मध्ये एक्स्चेकर कोर्टाचा प्रमुख. सासरा लंडनला बसून धोरण ठरवायचा, जावई एडिंबऱ्यात खटले भरायचा.

बाकीचे पुतणे?

फ्रान्सिस सैन्यात जनरल होता आणि केप कॉलनीचा कारभार त्याने पाहिला. विल्यम पार्लमेंटात. फिलिप कंपनीच्या जहाजावर कप्तान होता, नंतर मुंबईत कंपनीच्या आरमाराचा बडा अधिकारी झाला. १८०५ मध्ये त्याला पेनांगचा पहिला गव्हर्नर म्हणून पाठवलं. १८०७ मध्ये त्या पदावर असतानाच तो वारला. यांपैकी कुणाची गुणवत्ता किती आणि काकाचा हात किती, हे वेगळं काढता येत नाही. त्या काळात ते कुणी वेगळं काढतही नव्हतं.

एका माणसाच्या हातात सगळ्या निवडणुका कशा काय होत्या?

कारण मतदारच मूठभर होते. १७०७ च्या एकीकरणानंतर स्कॉटलंडला हाउस ऑफ कॉमन्समध्ये ४५ जागा मिळाल्या: ३० परगण्यांच्या, १५ शहरांच्या. १८०१ च्या शिरगणतीत स्कॉटलंडची वस्ती सोळा लाखांच्या आसपास भरली. आणि १७८८ मध्ये सगळ्या परगण्यांतले मिळून मतदार होते सुमारे २,६००. एडिंबरासारख्या राजधानीचा खासदार निवडत असे ३३ जणांची नगरपरिषद. हे तेहतीस जण आपली जागा बहुतेक आपल्याच माणसांना देत. १७९० ते १८०२ या काळात एडिंबऱ्याचा खासदार स्वतः डंडास होता, त्याआधी आपल्या घरच्या मिडलोदियन परगण्याचा.

परगण्यात आणखी एक गंमत. तिथला मताचा हक्क जमीन कसणाऱ्याला नव्हता, प्रत्यक्ष मालकालाही नेहमी नव्हता. तो होता जमिनीवरच्या सरंजामी ‘वरिष्ठत्वा’ला, जे कागदावर वेगळं काढून विकता किंवा देता येई. मग बडे जमीनदार आपलं वरिष्ठत्व तुकड्यातुकड्यांनी मित्रांच्या, वकिलांच्या, नातेवाइकांच्या नावावर करत आणि मतदार तयार होत. त्यांतल्या काहींनी ती जमीन डोळ्यांनीही पाहिलेली नसे. लोक अशांना ‘चर्मपत्रावरचे सरदार’ म्हणत. नाव अगदी चपखल आहे.

एवढ्या थोड्या मतदारांना सांभाळायला पक्ष लागत नाही. वही लागते: कोणाचा मुलगा सोळाचा झाला, कोणाच्या भाच्याला पलटणीत जागा हवी, कोणत्या पाद्र्याला चर्च हवं.

म्हणजे सगळं वशिल्यावरच चालायचं?

बव्हंशी, होय. पण ‘वशिला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाचेचं पाकीट येतं, ते चित्र इथे बसत नाही. डंडासकडे शेकडो पत्रं यायची आणि तो उत्तरं द्यायचा. ज्याला आज काही देता आलं नाही त्याला नीट शब्दांत सांगायचा. १७८४ मध्ये त्याने एक कायदा आणला: १७४५ च्या बंडानंतर ज्या हायलँड घराण्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या होत्या, त्या त्यांच्या वारसांना कर्ज फेडण्याच्या अटीवर परत. बंडखोरांची नातवंडं एका झटक्यात सरकारपक्षात आली. याला मी वशिला म्हणणार नाही, मुत्सद्देगिरी म्हणेन. फरक पुसट आहे, कबूल.

त्याच्यावर टीका करणाऱ्यांत सर्वांत धारदार लेखणी घरातलीच निघाली. एलिझाबेथ रॅनीची बहीण जॅनेट हिचं लग्न आर्चिबाल्ड कॉकबर्नशी झालं होतं. म्हणजे आर्चिबाल्ड हा डंडासचा साडू. (इंग्रजीत या नात्याला शब्द नाही, आपल्याकडे आहे.) साडूचा मुलगा हेन्री कॉकबर्न वकील झाला, पण विरोधी व्हिग गोटात गेला. त्याने नंतर आठवणींत लिहिलं की डंडास हा स्कॉटलंडचा दीपस्तंभ होता: त्याच्याकडे बघून नाव हाकणारा तरला, त्याच्याकडे दुर्लक्ष करणारा बुडाला. मावशीच्या नवऱ्याबद्दल एवढं नेमकं लिहायला जवळून बघितलेलं असावं लागतं.

स्कॉटिश लोक हिंदुस्थानात इतके का भरले? डंडासमुळे?

अंशतः. कंपनीतल्या नेमणुका अधिकृतपणे संचालकांच्या हातात होत्या. बोर्ड ऑफ कंट्रोलच्या अध्यक्षाच्या वाट्याला त्यांतल्या काही यायच्या. शिवाय डेव्हिड स्कॉटसारखे मित्र संचालक होतेच. हा स्कॉट मुंबईहून पैसा करून परतला, १७८८ मध्ये संचालक आणि १७९६ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. पण डंडासच्या आधीही कंपनीत स्कॉट लोकांचा भरणा मोठा होताच. गरीब जमीन, धाकट्या मुलांना वाटा नाही, बऱ्या शाळा, आणि बाहेर पडायची सवय. कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने १८२१ मधल्या एका पत्रात हिंदुस्थानला स्कॉटलंडचं धान्याचं कोठार म्हटलं, जिथे आम्ही गरीब जमीनदार आमची धाकटी मुलं पाठवतो, जशी काळी गुरं दक्षिणेकडे विकायला पाठवतो.

पुण्याच्या वाचकाला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ओळखीचा आहे. तोही स्कॉटिश सरदाराचा धाकटा मुलगा. १७९६ मध्ये तो कलकत्त्याला कंपनीच्या नोकरीत आला, म्हणजे डंडास बोर्डाचा अध्यक्ष असताना. त्याचा काका कंपनीचा संचालक होता. काळी गुरं म्हणा, पण सगळी सारखी नव्हती.

मराठ्यांशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आला का?

आला, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांत नसतो. १७८१ मध्ये पार्लमेंटने हिंदुस्थानातल्या युद्धांची चौकशी करायला गुप्त समिती नेमली. अध्यक्ष डंडास. तोपर्यंत हिंदुस्थान त्याने नकाशावरच पाहिला होता, आणि पुढेही कधी आला नाही, पण कागदपत्रं त्याने झडझडून वाचली. मुंबई कौन्सिलने मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबाशी केलेला तह, त्यातून उभं राहिलेलं पहिलं मराठा युद्ध, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेने पत्करलेली नामुष्की. आज मळवलीहून लोकलने जाणारा वडगाव स्टेशनावर खिडकीतून बघतो, त्याच भागातली ही गोष्ट.

मे १७८२ मध्ये त्याने कॉमन्समध्ये ठराव आणले. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी, दोघांनाही परत बोलवावं. कारण त्यांनी राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध, अब्रूविरुद्ध आणि धोरणाविरुद्ध मुलूख जिंकायचे उद्योग केले. सभागृहाने ठराव मान्य केले. पण कंपनीच्या भागधारकांनी हेस्टिंग्जला परत बोलवायला नकार दिला आणि तो १७८५ पर्यंत इथेच राहिला. दरम्यान त्याच मे महिन्याच्या १७ तारखेला ग्वाल्हेरजवळ सालबाईला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह ठरला होता. लंडनमध्ये ठराव होत होता तेव्हा ती बातमी अजून समुद्रावरही निघाली नव्हती.

मुलूख जिंकण्याविरुद्धचं तेच वाक्य १७८४ च्या पिटच्या कायद्यात आलं, आणि बोर्ड ऑफ कंट्रोलही त्याच कायद्याने. त्यानंतर डंडासच्याच देखरेखीखाली टिपूशी दोन युद्धं झाली आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीची लांबलचक पत्रं त्याच्याकडेच यायची. कागदावर वाक्य तसंच राहिलं.

मग १८०३ चं दुसरं मराठा युद्ध त्याने सुरू केलं का?

नाही. १८०१ मध्ये पिटबरोबर तो सत्तेबाहेर पडला. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली तेव्हा बोर्डाचा अध्यक्ष कॅसलरे होता. वेलस्लीला मोकळा हात देणाऱ्यांत डंडास होता, हे मात्र म्हणता येईल.

गुलामगिरीवरून त्याच्यावर एवढा वाद का?

कारण एक शब्द. आणि त्याच्या आधीची एक गोष्ट, जी वादात दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात.

जोसेफ नाइट हा आफ्रिकेतून पळवून जमैकात विकलेला आणि तिथून स्कॉटलंडात आणलेला तरुण. मालकाकडून सुटण्यासाठी तो कोर्टात गेला. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत लॉर्ड ॲडव्होकेट डंडास होता. जानेवारी १७७८ मध्ये कोर्ट ऑफ सेशनने आठ विरुद्ध चार मतांनी सांगितलं की स्कॉटलंडचा कायदा गुलामगिरी मानत नाही. इथपर्यंत डंडासचं नाव उजळ आहे.

मग २ एप्रिल १७९२. विल्बरफोर्सने गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव मांडला. गृहमंत्री डंडास उठला आणि त्याने ‘हळूहळू’ हा शब्द घालायची दुरुस्ती सुचवली. दुरुस्ती १९३ विरुद्ध १२५ ने मान्य झाली आणि दुरुस्त ठराव २३० विरुद्ध ८५ ने. काही दिवसांनी त्याने १८०० ही अखेरची तारीख सुचवली, सभागृहाने ती १७९६ वर आणली. पण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये विषय रखडला, १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झालं, आणि व्यापार बंद व्हायला १८०७ उजाडलं.

त्याचे समर्थक म्हणतात, ‘हळूहळू’ नसतं तर ठराव पडलाच असता. आधीच्या वर्षी तो पडला होताच, तेव्हा हा मुद्दा हवेतला नाही. विरोधक म्हणतात, त्या शब्दाने मळेवाल्यांना श्वास मिळाला, आणि मधल्या पंधरा वर्षांत किती माणसं जहाजांत कोंबली गेली ते मोजा. माझ्या मते त्याच्या हेतूचा शोध घेत बसण्यापेक्षा त्याच्या पुढच्या कामाकडे बघावं. तो युद्धमंत्री असताना, १७९५ पासून, ब्रिटिश सैन्याने वेस्ट इंडिजमधल्या पलटणींसाठी गुलाम विकत घ्यायला सुरुवात केली. १८०७ पर्यंत त्यांचा आकडा सुमारे १३,४०० झाला. व्यापार हळूहळू थांबवायचा असेल तर सरकारनेच मोठा गिऱ्हाईक होणं, हे कसं बसतं?

सामान्य स्कॉटिश माणसाला तो आवडायचा?

काहींना. पार्लमेंटात तो जाड स्कॉटिश उच्चारांत बोलायचा आणि त्याची त्याला लाज नव्हती. त्या काळातले एडिंबऱ्याचे कित्येक विद्वान आपली बोली घासून काढायच्या मागे असताना हे उठून दिसायचं. दारू बेफाम. तो आणि पिट सभागृहात पिऊन आले तेव्हा एकाला अध्यक्ष दिसेना आणि दुसऱ्याला दोन दिसले, असा विनोद छापून आला होता.

पण १७९२ च्या जूनमध्ये राजाच्या वाढदिवशी, ४ तारखेला, एडिंबऱ्यात तीन दिवसांची दंगल सुरू झाली. लोकांनी त्याचा पुतळा जाळला, जॉर्ज स्क्वेअरमधल्या पुतण्या-जावयाच्या घरावर चाल केली. सैन्याने गोळीबार केला. ऑगस्ट १७९३ मध्ये सुधारणावादी वकील टॉमस म्यूर याला राजद्रोहासाठी चौदा वर्षं काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाची, शिक्षा झाली. खटला भरणारा पुतण्या-जावई, गृहमंत्री काका-सासरा. आणि १७९६ मध्ये वकिलांच्या संघटनेचा प्रमुख हेन्री अर्स्किन याने सरकारविरोधी सभेत भाग घेतला म्हणून त्याला पाडून त्याच्या जागी कोणाला निवडलं? त्याच पुतण्याला, १२३ विरुद्ध ३८ मतांनी.

सर लॉरेन्स डंडास हा त्याचा कोण?

दूरचा भाऊबंद, आणि एडिंबऱ्याच्या राजकारणात वैरी. लॉरेन्सने सैन्याला रसद पुरवून पैसा केला. सेंट अँड्र्यू स्क्वेअरमध्ये चर्चसाठी राखलेल्या जागेवर त्याने १७७० च्या दशकात वाडा उठवला, पुढे त्यात बँक आली. त्याच वाड्यासमोर नंतर हेन्रीचा स्तंभ उभा राहिला. पर्यटक दोघांना एक समजतात.

महाभियोग कशासाठी?

नौदलाच्या खजिन्यातल्या पैशांसाठी. खजिनदाराने सरकारी पैसा बँक ऑफ इंग्लंडमध्येच ठेवावा असा कायदा १७८५ मध्ये झाला होता, आणि तो आणला होता खुद्द डंडासने. त्याच्या हाताखालचा अधिकारी अलेक्झांडर ट्रॉटर मात्र पैसा काढून कुट्‌सच्या पेढीत स्वतःच्या खात्यावर ठेवायचा, तो वापरून नफा कमवायचा, आणि मागणी आली की भरून द्यायचा. त्याच खात्यातून डंडासलाही उचल मिळायची. सरकारचा एक पैसाही बुडाला नाही, असं दोघे म्हणत राहिले. पण १८०३ मध्ये दोघांनी मिळून जुने हिशेबाचे कागद नष्ट करायचं ठरवलं होतं, आणि काही रक्कम गुप्त सरकारी कामाला वापरली, तिचा तपशील देणार नाही, असं डंडासने सांगितलं. निरपराध माणूसही असंच वागू शकतो, पण त्याच्यावर विश्वास ठेवणं कठीण होतं.

८ एप्रिल १८०५ च्या रात्री कॉमन्समध्ये निंदेच्या ठरावावर मतं पडली: २१६ विरुद्ध २१६. अध्यक्ष चार्ल्स ॲबट यांच्यावर निर्णय आला. ते पांढरेफटक पडले, बराच वेळ गप्प राहिले, आणि मग डंडासच्या विरोधात मत दिलं. पिटच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्याच्या तरुण मित्रांनी त्याच्याभोवती कडं करून ते झाकलं, अशी आठवण सांगतात. ज्या घराने १७६७ मध्ये एका मताने दुसऱ्याचं नशीब फिरवलं, त्या घराची ही परतफेड.

नौदलमंत्रिपदाचा राजीनामा झाला. १८०६ च्या एप्रिल ते जून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये लॉर्ड्ससमोर खटला चालला. सगळ्या कलमांवर तो निर्दोष सुटला. त्याच हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालला होता, आणि १७८२ मध्ये त्या हेस्टिंग्जच्या मागे पहिल्यांदा लागला होता हाच. हेस्टिंग्जही सुटला होता. ब्रिटनमध्ये त्यानंतर आजवर कुणावर महाभियोगाचा खटला चाललेला नाही.

एडिंबऱ्यातल्या स्तंभाचं आता काय झालं?

उभा आहे, साधारण ४५ मीटर उंच. नौदलातल्या अधिकाऱ्यांनी आणि खलाशांनी वर्गणी काढली, १८२१ मध्ये बांधकाम सुरू झालं, रोमच्या ट्रेजनच्या स्तंभावरून आराखडा विल्यम बर्नने केला. २०२१ मध्ये पायथ्याशी गुलामांच्या व्यापाराबद्दल नवी पाटी लागली, मग ती काढली गेली, मग पुन्हा बसली. टोरांटोतल्या डंडास स्ट्रीटचं नाव बदलायचा ठराव तिथल्या नगरपालिकेने केला आणि मागे घेतला. तिथल्या प्रसिद्ध चौकाचं नाव मात्र बदललं.

किताब आणि वाडे अजून आहेत?

किताब चालू आहे. मेलव्हिल कासलमध्ये हॉटेल झालं.

तो कसा वारला?

मे १८११ च्या अखेरीस, एडिंबऱ्यात, जॉर्ज स्क्वेअरमधल्या पुतण्या-जावयाच्या घरी. त्याचा जुना मित्र, कोर्ट ऑफ सेशनचा मुख्य न्यायाधीश रॉबर्ट ब्लेअर, २० मे रोजी अचानक वारला होता. ब्लेअरचं घर शेजारीच. डंडास अंत्यसंस्कारासाठी आला आणि अंत्यसंस्काराच्या आदल्या रात्री झोपेतच गेला. सकाळी बिछान्यात सापडला. त्याला लासवेडच्या जुन्या चर्चमध्ये पुरलं.

साडूच्या मुलाने, कॉकबर्नने, त्या दिवसांतली एक वदंता नोंदवून ठेवली आहे. डंडासच्या सामानात म्हणे एक पत्र सापडलं. सरकारातल्या कुणाला तरी लिहिलेलं. त्यात ब्लेअरच्या अंत्ययात्रेत आपल्याला किती भरून आलं याचं हृद्य वर्णन होतं, आणि खाली ब्लेअरच्या कुटुंबासाठी सरकारकडून काही तरतूद व्हावी अशी शिफारस. अंत्ययात्रा अजून निघायची होती.